प्राजूचा डावा डोळा

“हे पांढरं पहिल्यांदा कधी दिसलं?” डॉक्टर किणीकरबाईंनी विचारलं, आणि आम्ही सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं.

सगळे म्हणजे तिघं. माझा थोरला भाऊ उद्धव, आमची आई आणि मी. वहिनी स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवर पावणेदोन वर्षांची प्राजू पडली होती, भूल अजून पुरती उतरली नव्हती. तोंडातून लाळ गळत होती आणि डाव्या डोळ्यावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

दोन हजार तीन साल, श्रावण. पुण्याचा मोठा दवाखाना. आम्ही बार्शीची माणसं, आदल्या दिवशी एसटीनं आलेलो. दादाचं शिंपीकामाचं दुकान, माझा त्याच्याच शेजारी फोटो स्टुडिओ. प्राजूचा डोळा तिरळा होत चालला, मग लाल झाला, तेव्हा गावातल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून इथं पाठवलं.

“आईला विचारतेय मी,” बाई म्हणाल्या. “अंधारात, दिव्याखाली डोळा मांजरासारखा चमकतो. फोटोत तर हमखास दिसतो.”

वहिनीनं तोंड उघडलं. त्याच्या आधी दादानं पिशवीतून फोटो बाहेर काढला. घरातल्या फ्रेममधून काढून, गुंडाळी करून आणलेला मोठा फोटो.

“हा बघा डॉक्टर. मार्गशीर्षातला, पहिल्या वाढदिवसाचा. माझ्या भावानंच काढलाय, फोटोग्राफर आहे तो. बघा दोन्ही डोळे, काळेभोर. म्हणजे जे काही झालं ते नंतर झालं.”

“नंतर म्हंजे हिच्या हातनं पडली आसंल,” आई म्हणाली. “कुठंतरी आपटली आन् हिनं लपवून ठेवलं. आईचं काळीज हाय का हिला?”

“आजी, पडून कॅन्सर होत नाही.”

तो शब्द बाईंनी असा सरळ टेबलावर ठेवला. दादाच्या हातात फोटोची गुंडाळी आपोआप मिटली. आईनं पदर तोंडाला लावला.

बाईंनी कागदावर एक गोल काढला आणि त्याचा अर्ध्याहून जास्त भाग पेनानं काळा केला. “हा डोळा. ही एवढी गाठ आहे, आतल्या पडद्यावर. उजवा डोळा स्वच्छ आहे. माझा क्रम ठरलेला आहे, आधी जीव, मग डोळा, मग नजर. तो क्रम मी कुणासाठी मोडत नाही. पण गाठ डोळ्याच्या बाहेर गेलेली दिसत नाही, म्हणून डोळा वाचवायचा प्रयत्न करता येईल. सहा वेळा औषध चढवायचं, दर चार आठवड्यांनी. दर वेळी भूल देऊन आत बघायचं आणि लेझरनं जाळायचं. एकही खेप चुकवायची नाही. आणि मधे मला वाटलं की जिवाला धोका आहे, तर मी डोळा काढायला सांगेन.”

“काढायचा नाही,” दादा म्हणाला. “पोरीची जात आहे.”

“पोरीच्या जातीला जीव नसतो का?” बाई म्हणाल्या.

दादा फोटोची गुंडाळी पिशवीत कोंबायला लागला. मी विचारलं, “बाई, हीच पोर सात-आठ महिन्यांपूर्वी आणली असती तर?”

“तर कदाचित नुसत्या लेझरवर भागलं असतं. पण झालं ते झालं. आता त्याचा विचार करू नका.”

तेव्हा वहिनीनं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचायला लागलो.

दादा आणि आई खाली औषधं आणायला गेले. वॉर्डाबाहेर पाण्याचा नळ होता, त्याच्याशेजारी बाकडं होतं. वहिनीनं प्राजूला खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाली, “भाऊजी, इकडं या जरा.”

मी गेलो. तिनं कमरेची पिशवी सोडली, आतून प्लॅस्टिकच्या कागदात घडी केलेला एक पोस्टकार्ड साइजचा फोटो काढला आणि बाकड्यावर ठेवला.

तोच वाढदिवस. तेच झबलं, कपाळावर तीच तीट. उजवा डोळा फ्लॅशनं लालसर झालेला. आणि डावा पांढरा, चुन्याचं बोट लावल्यासारखा.

“एक माझ्याकडं राहिला होता,” वहिनी म्हणाली.

आता सांगतो. वाढदिवसाच्या रोलच्या प्रिंट आल्या त्या दिवशी वहिनी स्वतः स्टुडिओत आली होती. काउंटरवर हाच फोटो ठेवून म्हणाली होती, “भाऊजी, हा डोळा असा का दिसतोय? घरात पण कधी कधी दिसतो मला, चुलीपुढं.” मी हसलो होतो. म्हणालो होतो, “वहिनी, अठरा वर्षं फोटो काढतोय मी. फ्लॅश तिरका पडला की होतं असं. एकाचा लाल, एकाचा पांढरा. आणि चुलीपुढं जाळाचा उजेड चमकतो. तुम्ही शिलाईत सुई ओवा, डोळ्यांचं माझ्यावर सोडा.”

गिऱ्हाईक समोर उभं होतं. तेही हसलं.

मग मी माझं काम केलं. सगळ्यात बारीक ब्रश ओठानं ओला करून टोकदार केला, काळी शाई घेतली, उजव्याची लाली बुजवली, पांढऱ्या बुबुळावर चार वेळा हलका हात फिरवला. वाळल्यावर वर पांढऱ्याचा एक कण ठेवला, म्हणजे डोळा जिवंत दिसतो. हा माझा हातखंडा होता. नवरीच्या गालावरचे व्रण, म्हाताऱ्याचा मोतीबिंदू, पोराचा फाटका ओठ, सगळं मी बुजवायचो. लोक म्हणायचे, फोटोवाल्या भास्करकडं जा, तो माणूस देखणा करून देतो. मग ती टच-अप केलेली प्रिंट परत कॉपी केली, मोठी केली, एक घरी लावली, एक स्टुडिओच्या काचेत.

गुढीपाडव्याला परत फोटो काढले. परत पांढरा. या वेळी वहिनीनं विचारलंही नाही. मी न विचारता बुजवला.

हे मला त्या पुण्याच्या बाकड्यावर कळलं असं नाही. किणीकरबाई ‘फोटोत हमखास दिसतो’ म्हणाल्या तेव्हाच कळलं होतं. पण मी नुसता उभा राहिलो. आई तिच्यावर पोर पाडल्याचा आळ घेत होती तेव्हाही उभाच राहिलो.

“वहिनी,” मी म्हणालो, “मी दादाला सांगतो. आत्ता वर आला की सांगतो.”

“नका सांगू.”

मी जिन्याकडे निघालो होतो, थांबलो.

“सांगून काय होणार?” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “ते तुम्हाला मारतील, तुम्ही तोंड लपवून बसाल. मग इथं कोण येणार? तुमच्या दादाला मी ओळखते. एक खेप येतील, दुसऱ्या खेपेला लग्नसराईचे कपडे निघतील. मला ह्या दवाखान्यातला कागद वाचता येत नाही धड. सातवी झालेय मी. कुठल्या खिडकीला उभं राहायचं ते कळत नाही. तुम्हाला सगळीकडं बोलता येतं.” मग म्हणाली, “गोड बोलता येतं.”

“मी येतो. सगळ्या खेपांना.”

“सहा.”

“सहा.”

“एक चुकली तर मी हा फोटो तुमच्या स्टुडिओच्या दाराला चिकटवीन. आणि सहा झाल्या की तुम्ही मोकळे.”

ती फोटोची घडी करून परत पिशवीत ठेवायला लागली. प्राजू खांद्यावर कण्हली. वहिनीनं तिची पाठ थोपटली, अगदी हळू, त्याच हातानं.

मला काय वाटलं ते लिहितो, कारण खोटं लिहायचं असतं तर हातात ब्रशच ठेवला असता. मला सुटल्यासारखं वाटलं. घरी गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर त्या दोन्ही रोलच्या निगेटिव्ह मागच्या अंगणात जाळल्या.

मग खेपा सुरू झाल्या.

वहिनीची मावशी हडपसरला भाजी विकायची, तिच्या एका खोलीत आम्ही उतरायचो. सकाळी पोरीला उपाशी ठेवून दवाखान्यात न्यायचं, भूल द्यायची असते म्हणून. ती पाणी मागायची. बाकीच्या पोरांच्या हातात बिस्किटं दिसली की ओरडायची. वहिनीही तिच्याबरोबर उपाशी राहायची. चहासुद्धा नाही. मी एकदा म्हणालो, “तुम्हाला कुठं भूल द्यायचीय?” तर म्हणाली, “तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला तर?”

दुसऱ्या खेपेनंतर प्राजूचे केस गेले. मला बरीच वर्षं टक्कल आहे. एकदा एसटीत तिनं स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला, मग माझ्या, आणि म्हणाली, “काका टक्कू. पाजू टक्कू.” कंडक्टरसकट गाडी हसली. वहिनीही हसली, त्या सगळ्या महिन्यांत मी पाहिलं तेवढं एकदाच. म्हणाली, “जुळी दिसताय.”

तिसऱ्या खेपेला शीर सापडेना. नर्सनं चार ठिकाणी टोचलं. पाचव्यांदा प्राजूनं रडत रडत स्वतःच दुसरा हात पुढं केला. दोन वर्षंही न झालेल्या पोरीला कळलं होतं की हात दिल्याशिवाय हे लोक सोडत नाहीत.

चौथ्या खेपेला किणीकरबाई बाहेर आल्या त्या हसत. “गाठ निम्म्यावर आलीय. चुन्यासारखी वाळतेय. असंच चाललं तर डोळा राहील.” वहिनी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेली, तर बाई मागं सरकल्या. “अहो, अजून दोन आहेत.”

घरी मात्र वेगळाच खेळ चालला होता. बायका प्राजूला बघायला आल्या की आई त्यांना भिंतीवरच्या फोटोपाशी न्यायची. “बघा, वर्साची व्हती तवा डोळं कसं व्हतं. हरणीवानी. हिनं वाटोळं केलं.” बायका फोटो बघायच्या, मग वहिनीकडे बघायच्या. वहिनी भांडी घासायची. दादा तिच्याशी बोलेनासा झाला होता. ताट तिनं वाढलं तर उठून जायचा. हे सगळं माझ्या शाईच्या चार थेंबांवर उभं होतं आणि मी त्याच घरात, त्याच भिंतीखाली बसून तिसरी भाकरी मागून घेत होतो. तो फोटो एक दिवस खिळ्यावरून उतरवावा एवढीसुद्धा धमक माझ्यात नव्हती. स्टुडिओच्या काचेतला तर तसाच होता. एका बाईनं त्यावरून ऑर्डर दिली. म्हणाली, माझ्या बाळाचे डोळे असेच यायला पाहिजेत.

सहावी खेप पौषात आली.

किणीकरबाई आतून आल्या आणि टोपी काढून हातात धरली. हसल्या नाहीत.

“गाठ परत जागी झालीय,” त्या म्हणाल्या. “बी फुटल्यासारखे कण डोळ्याच्या पाण्यात पसरलेत. मुळाशी, नसेच्या जवळ, मला आवडणार नाही असं काहीतरी दिसतंय. मी आता डोळ्यासाठी भांडणार नाही. जिवासाठी भांडणार. डोळा काढायचा.”

“कधी?” वहिनीनं विचारलं.

“मी तर म्हणेन, आज. उपाशी आहेच, भूल परत देता येईल, माझी खोली दुपारी रिकामी आहे. पण घरच्यांशी बोला. दोन-चार दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. दोन-चार महिन्यांनी कोसळेल.”

“दोन-चार दिवस नकोत,” वहिनी म्हणाली. “एकदा बार्शीला नेली की परत आणू देणार नाहीत.”

दादा आणि आई त्या दिवशी पुण्यातच होते, एका बारशाला आलेले. शेवटची खेप म्हणून दुपारी पोरीला न्यायला येणार होते. ते जिना चढून आले. आईच्या हातात भाकरीचं गाठोडं. मी सांगितलं. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आतून पोरगी उचला. चला.”

“कुठं?” वहिनी म्हणाली.

“भूमच्या पलीकडं एक वैदू आहे. पाला पिळतो डोळ्यात. तिथं नेऊ. डोळा काढलेली पोर घेऊन मी बार्शीत तोंड दाखवू?”

“तुम्ही तोंड नका दाखवू. पोर तर राहील.”

“बघ बघ, कशी बोलतीया!” आई म्हणाली. “आधी डोळा घालवला, आता उपटून टाकायला निघालीया. आरं, वाढदिवसाला डोळं कसं व्हतं हिचं! साऱ्या गावानं बघितलंय!”

आणि मग मी बोललो. पाच महिने दाबून ठेवलेलं, दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये, स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसांच्या मधे उभं राहून बोललो.

“नव्हते. आई, डोळे तसे नव्हते. डावा तेव्हाच पांढरा होता. मी काळा केला. ब्रशनं. वहिनीनं मला दाखवला होता, मी म्हणालो फ्लॅश आहे. पाडव्यालाही मीच केला. तिचा काही दोष नाही. मी केलंय हे.”

दादा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारेल. मारावं असं वाटत होतं.

“निगेटिव्ह दाखव,” तो म्हणाला.

“जाळल्या.”

“का?”

मी वहिनीच्या पिशवीकडे बघितलं. आई मात्र हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

“सहा येळा पुण्याला गेली बरुबर,” ती म्हणाली. “दोन-दोन दिवस ऱ्हायली. आता दीर भावजयीच्या बाजूनं बोलणारच की. मी उगं गप बसले होते व्हय रं, उद्धव? गावात काय बोलत्यात ते तुला सांगितलं न्हवतं मी?”

“आई!”

“वरडू नगंस. लग्न केलं न्हाईस तवाच मला संशय आला व्हता.”

दादाचा चेहरा बदलला. आणि तो राग नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याला बरं वाटलं होतं. इतके महिने बायकोवर धरलेला राग त्याला कुठंतरी टोचत असणार. आता त्याला नीट कारण मिळालं.

मी वहिनीकडे वळलो. “वहिनी, तो फोटो दाखवा त्यांना. पिशवीत आहे तो.”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग दादाकडे. मग परत माझ्याकडे.

“कुठला फोटो?” ती म्हणाली.

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. “तो, वाढदिवसाचा, छोटा.”

“माझ्याकडं कुठलाच फोटो नाही, भाऊजी.”

“बघ,” आई म्हणाली.

तेवढ्यात किणीकरबाई दारात आल्या. हातात कागद होता. “सही कोण करणार आहे?”

“वडलांची लागंल ना?” दादा पुढं सरसावला. “मी नाही करणार.”

“आईची चालते,” बाई म्हणाल्या.

“केलीस तर त्या घरात परत यायचं नाही,” दादा वहिनीला म्हणाला. “सांगून ठेवतो.”

“बरं,” वहिनी म्हणाली.

तिनं कागद घेतला. कुठं करायची ते बाईंनी बोटानं दाखवलं. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर, एक एक वळण काढत तिनं नाव लिहिलं. वैजंता. पुढं दादाचं नाव लिहायला जागा होती, ती तिनं मोकळी सोडली. दादा जिन्याकडे गेला. आई त्याच्या मागं गेली.

दीड तास लागला. मी आणि वहिनी नळाजवळच्या बाकड्यावर बसलो. मधे बोट ठेवायला जागा नव्हती एवढी गर्दी होती. आणि तरी ती माझ्यापासून कोसभर लांब होती. शेवटी मी विचारलं.

“का नाही दाखवला?”

“काय?”

“फोटो, वहिनी. पिशवीत होता ना?”

“आहे की.” तिनं पिशवीवर हात ठेवला. “दाखवला असता तर काय झालं असतं, सांगा.”

“तुमच्यावरचा आळ गेला असता.”

“गेला असता. मग ह्यांनी तुम्हाला दोन थोबाडीत मारल्या असत्या. सासूबाई रडल्या असत्या. माझी ओटी भरली असती. आणि मला अन् पोरीला घेऊन गेले असते घरी.” तिनं पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाली, “एका डोळ्याची पोर त्या घरात? रोज त्या भिंतीखाली? मी खोटी ठरले ते बरं झालं. खोट्या बाईला कोणी न्यायला येत नाही.”

मी म्हणालो, “मला माफ करा.”

“आज बोललात ते कशाला बोललात?” तिनं विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. “डोळा काढायची वेळ आल्यावर? तुमचं तुम्हाला हलकं वाटावं म्हणूनच ना?”

दार उघडलं. स्ट्रेचरवर प्राजू, अर्ध्या चेहऱ्यावर मोठी पट्टी. टक्कल पडलेलं एवढंसं डोकं. किणीकरबाई म्हणाल्या, “नसेचा तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला तो चांगला दिसला. पोर जगेल.”

वहिनी उठली. मीही उठलो. स्ट्रेचरबरोबर दोन पावलं चाललो, तेव्हा तिनं मागं वळून हात आडवा धरला.

“सहा झाल्या, भाऊजी.”

“आज तरी थांबू द्या. मावशी येईपर्यंत.”

“सहा झाल्या,” ती म्हणाली आणि वॉर्डाचं दार ओढून घेतलं.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. प्राजू आहे, शिकली, नोकरीला लागली असं कुणाकुणाकडून कानावर येतं. मला विचारायला तोंड नाही, आणि मी विचारलं तर कुणी सांगावं असंही नाही.

त्या दिवशी मी जिना उतरून खाली आलो. फाटकाजवळच्या लिंबाखाली दादा आणि आई बसले होते. एसटीला अजून वेळ होता. मला वाटलं होतं ते निघून गेले असतील, किंवा दादा उठून मानगूट धरेल. त्यानं बघितलंसुद्धा नाही. काडीनं दात कोरत बसला होता.

आईनं गाठोडं सोडलं. बाजरीच्या भाकरी, ठेचा, वर कांदा.

“काढला?” तिनं विचारलं.

“काढला.”

“देवाच्या मनात.” तिनं भाकरीवर ठेचा घातला आणि माझ्यापुढं धरली. “खा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या. झालं गेलं इसरून जा. तू काय आमाला परका हाईस व्हय.”

वर तिसऱ्या मजल्यावर वहिनी अजून उपाशी होती. मी खाली बसलो आणि दोन भाकरी खाल्ल्या.